साठपासून साडेतीनपर्यंत

६०, ४०, ३०, २५, १०, ५, ३.५. लहान मुलाच्या रक्तात किती शिसे सापडले म्हणजे काळजी करायची, याची अमेरिकेतली मर्यादा १९६० च्या दशकापासून २०२१ पर्यंत अशी उतरत आली. हे आकडे एक डेसिलिटर रक्तातल्या मायक्रोग्रॅमचे. शिसे काही जास्त विषारी झाले नाही. अभ्यास बारीक होत गेला, एवढेच.

संशोधक ब्रूस लॅनफिअर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सात अभ्यासांतल्या १,३३३ मुलांची माहिती एकत्र तपासली. शिसे २.४ वरून १० वर गेले की बुद्ध्यांक ३.९ गुणांनी घटतो. १० ते २० या टप्प्यात आणखी १.९ आणि २० ते ३० मध्ये १.१. म्हणजे पहिल्या साडेसात मायक्रोग्रॅमचे नुकसान पुढच्या विसांपेक्षा मोठे. ‘थोडेसेच तर आहे’ हे इथे लागू पडत नाही.

युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ किंवा अधिक शिसे आहे; त्यांपैकी साडेसत्तावीस कोटी भारतातली. पोटात गेलेले शिसे मूल मोठ्या माणसाच्या चौपट-पाचपट शोषते. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. ताप नाही, पुरळ नाही. रक्त तपासल्याशिवाय कळतच नाही.

आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये गेले. घरगुती रंगांवर नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची (दशलक्षात ९० भाग) मर्यादा आली (जुन्या भिंतींचे पोपडे अर्थात तसेच आहेत). पण स्वयंपाकघराचे काय? हळकुंडाला पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट हे शिसेयुक्त रंगद्रव्य चोळण्याची लबाडी बांगलादेशात १९८० च्या दशकात सुरू झाली. पुरात भिजून काळवंडलेला माल खपवायचा होता. २०१९ मध्ये तिथल्या बाजारातले ४७ टक्के नमुने भेसळीचे निघाले. सरकारने ढाक्याच्या घाऊक बाजारात छापे घातले, दंड केले, जाहीर प्रचार केला. २०२१ मध्ये प्रमाण शून्य टक्के.

भारतात हळदीत शिशाची मर्यादा १० पीपीएम आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आशियाई पाहणीत पाटण्याच्या हळदीत १,००० च्या वर शिसे आढळले. ढाक्यात वापरलेले हातात धरायचे एक्स-रे यंत्र शिशाचा पत्ता काही मिनिटांत लावते. सांगली-हिंगोलीसारख्या, रंग पाहून हळदीचे सौदे होणाऱ्या बाजारांत बाजार समितीनेच ते वजनकाट्याशेजारी ठेवावे.