शिकारीआधीची एक रात्र

अलास्कातल्या कोडियाक बेटावर अस्वलाच्या शिकारीला निघायचं, तर बंदुकीआधी नशीब लागतं. परवाने बहुतेक सोडतीनं मिळतात. परदेशी माणसाला सोबत परवानाधारक वाटाड्या हवाच. बेटाच्या बऱ्याच भागात रस्ते नाहीत. पाण्यावर उतरणारं छोटं विमान धुक्यात अडकलं की दिवस वाया. म्हणून शिधा जास्तीचा बांधायचा.

मला आवडला तो एक नियम. अशा भाड्याच्या विमानातून उतरलात, त्या दिवशी गोळी झाडायची नाही; दुसऱ्या पहाटे तीनपर्यंत थांबायचं. आकाशातून सावज हेरून लगेच टिपणं, ही कसली शिकार? लहान पिल्लांसोबतची मादी तर वर्ज्यच. पण पिल्लं उंच गवतात दिसत नाहीत. मग दुर्बीण लावून बसायचं, अस्वल एकटंच आहे याची खात्री पटेपर्यंत.