लोकसंख्येचा मनोरा (लेखांक सहावा)

जन्म आणि मृत्यू यांच्या तफावतीतून लोकसंख्येची वाढ कशी निष्पन्न होते, हे गेल्या लेखांकात पाहिले. आता प्रश्न वयोरचनेचा, म्हणजे सर्वांत लहान वयाची माणसे पायथ्याशी आणि सर्वांत वृद्ध शिखरावर असे वयोगटांचे थर रचले की जो मनोरा उभा राहतो, त्याचा. आणि या बाबतीत सुशिक्षितांच्याही मनात अशी एक समजूत पक्की बसलेली आढळते की, माणसे अधिक जगू लागली म्हणजे समाज म्हातारा होतो. आपल्या देशाच्या शिरगणतीची दप्तरे मात्र बरीच निराळी साक्ष देतात.

१९११ साली आजच्या सीमांतील भारताची लोकसंख्या सुमारे २५.२१ कोटी होती. १९२१ साली ती २५.१३ कोटी भरली. प्लेग, पटकी, हिवताप यांचे येणेजाणे नित्याचेच होते. परंतु १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत प्रकटलेली इन्फ्ल्युएंझाची साथ, जिला आपल्याकडे मानमोडी म्हणत, ती त्याच साली पावसाने दगा दिल्यामुळे अर्धपोटी झालेल्या रयतेवर आश्विनाच्या सुमारास दुसऱ्यांदा उलटली आणि एक कोटीहून अधिक जीव घेऊन गेली. एरवीचे रोग तान्ह्यांना व वृद्धांना आधी गाठतात. ही साथ ऐन विशी-तिशीतल्या कर्त्या माणसांवर, व त्यांतही बायकांवर, विशेष तुटून पडली. साहजिकच पुढच्या साली पाळणेही कमी हलले. एकाच साथीने मनोऱ्याला अशा दोन खाचा पाडल्या, आणि त्या दर दशकाला एकेक पायरी वर सरकत राहिल्या.

या मनोऱ्याचे थर, हेही सांगितले पाहिजे, काही ओळंब्यात बसलेले नसतात. ‘प्लेगच्या साली मी रांगत होतो’ यापलीकडे ज्याला स्वतःचे वय ठाऊक नाही, त्याच्यापुढे बिचारा प्रगणक काय लिहिणार? तो अदमासाने तीस नाहीतर पस्तीस मांडतो. म्हणून जुन्या तक्त्यांत तीस वर्षांची माणसे उदंड आणि एकोणतीस वा एकतीस वर्षांची दुर्मीळ!

१९११ ते १९२१ या दशकात सरासरी आयुर्मान विशीच्या आसपास होते. माणसे पंचविशीत जराजर्जर होत होती, असा याचा अर्थ नव्हे. तान्हेपणीच इतकी मुले दगावत की सरासरी खाली ओढली जाई. पुढे दुष्काळनिवारण, देवीची लस, स्वातंत्र्यानंतरची डीडीटीची फवारणी यांनी मृत्यू मागे हटला, तो मोठ्या प्रमाणात पाळण्यापासून हटला. वाचलेले मूल मनोऱ्याच्या शिखरावर नव्हे, पायथ्याशी भर घालते. आणि जन्मांचे मान फारसे न घटल्यामुळे हीच मुले पुढे आईबाप होऊन पायथा आणखी रुंद करतात. म्हणूनच १९७१ च्या शिरगणतीत दर शंभरांत सुमारे ४२ जण पंधरा वर्षांखालचे निघाले. २०११ साली हे प्रमाण ३१ च्या घरात आले, त्याचे मुख्य कारण घराघरांतून तिसरे-चौथे मूल नाहीसे झाले हे होय. (रघुनाथराव कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते १९२१ साली, म्हणजे शिरगणतीने घट दाखवली त्याच वर्षी, लोकांना ते वेडाचार वाटले असल्यास नवल नाही.) जपानात मात्र बालमृत्यू जवळजवळ संपला असल्याने मृत्यूतील पुढची घट वृद्धांच्याच पदरी पडते, आपल्याकडची समजूत तेवढ्यापुरती खरी.

जन्ममृत्यूंखेरीज तिसरे कारण स्थलांतर. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती, ती २०११ साली १६,१५,०६९ झाली. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२. गिरण्यांच्या काळापासून ज्या गावांचा चरितार्थ मनीऑर्डरीवर चालला, तेथील कर्ता मुलगा मुंबईस आणि आईबाप घरी, ही रीत इतकी जुनी की तिचे कुणाला काही वाटेनासे झाले. त्याच्या मुलांचे जन्मही बहुधा मुंबईच्याच नोंदवहीत चढतात. यातून एक पेच उद्भवतो: जेथे म्हातारी माणसे अधिक तेथे दरहजारी मृत्यूही अधिक, मग गावचे हवापाणी शहरापेक्षा कितीही उत्तम असो. निव्वळ तो आकडा पाहून रत्नागिरीचे आरोग्य मुंबईपेक्षा हीन ठरवणारा हिशेब पहिल्याच पायरीवर चुकेल. वयाचा हा फरक वजा करून दोन जिल्ह्यांची तुलना कशी करतात, ते पुढील लेखांकी.