तेलविहिरीतील खडकचुरा : वेधनक्रिया आणि विल्हेवाट यांचा संबंध

खनिज तेलाच्या विहिरीतून तेलाच्या कितीतरी आधी कचरा बाहेर येतो. सव्वाबारा इंच व्यासाच्या विवराचे १००० मीटर वेधन केल्यास सुमारे ७६ घनमीटर खडक भरडला जातो. हा चुरा वर वाहून आणणे, ड्रिल बिट थंड ठेवणे आणि भूगर्भातील दाब तोलून धरणे ही कामे वेधनद्रव, म्हणजेच व्यवहारातील 'मड', करतो. पाण्यात अथवा तेलात बेंटोनाइट, बॅराइट व अन्य रसायने मिसळून तो तयार करतात.

कचऱ्यावरील प्रक्रिया हे खोदकाम संपल्यानंतरचे काम होय, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. वर आलेला द्रव प्रथम शेल शेकर या कंप पावणाऱ्या चाळणीवरून जातो. तेथे निसटलेले कण द्रवाबरोबर पुन्हा विहिरीत उतरतात आणि प्रत्येक फेरीत अधिक बारीक होतात. घनाकार कणाची बाजू निम्मी झाली की कणांची संख्या आठपट आणि एकूण पृष्ठफळ दुप्पट होते. परिणामी द्रव घट्ट होतो, वेधनाचा वेग मंदावतो, नळ अडकण्याचा धोका वाढतो. पुढे हायड्रोसायक्लोन व सेंट्रिफ्यूज असतात. परंतु अतिसूक्ष्म कण त्यांनाही दाद देत नाहीत. मग उरतो द्रव पातळ करण्याचा उपाय. १ घनमीटर चुऱ्याचे प्रमाण ५ टक्क्यांवर राखण्यासाठी १९ घनमीटर स्वच्छ द्रव लागतो, आणि त्यातील जादा द्रव अखेर कचराच ठरतो! येथपर्यंत विहिरीचे हित आणि पर्यावरणाचे हित एकच असते.

तेलयुक्त द्रवाच्या बाबतीत मात्र हे दोन्ही हितसंबंध वेगळे होतात. पाण्याने फुगणाऱ्या शेल खडकात तो उपयुक्त असतो. पण चुऱ्याला तेल चिकटून राहते. ईशान्य अटलांटिकसाठीच्या ऑस्पार आयोगाने २००० साली घेतलेल्या निर्णयानुसार वजनाने १ टक्क्याहून अधिक असे तेल असलेला चुरा समुद्रात टाकण्यास मनाई झाली. केवळ चाळणी व सेंट्रिफ्यूज यांनी ही मर्यादा गाठणे कठीण असते. त्यासाठी वेगाने फिरणाऱ्या हातोड्यांच्या घर्षणाने चुरा सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात; बाष्परूप तेल थंड करून पुन्हा वापरता येते. चुरा दळून, समुद्राच्या पाण्यात कालवून खोल खडकात दाबून भरणे हा दुसरा मार्ग. तो निर्धोक नाही. नॉर्वेच्या वेस्लेफ्रिक क्षेत्रात अशा प्रकारे भरलेला कचरा समुद्रतळातून बाहेर पडत असल्याचे २००९ मध्ये आढळले.

भारतात ऑगस्ट २००५ च्या अधिसूचनेने डिझेलयुक्त वेधनद्रवास मनाई केली आणि बॅराइटमधील पारा प्रतिकिलो १ मिलिग्रॅम, तर कॅडमियम ३ मिलिग्रॅमच्या आत असावे असे ठरविले. मुंबई हायसारख्या सागरी क्षेत्रांत पाणीयुक्त द्रव हाच सर्वसाधारण नियम आहे. अशा द्रवात चिकणमातीयुक्त खडक लवकर विखुरतो व बारीक होतो. त्यामुळे तेथे शेकरची फाटलेली जाळी वेळीच बदलणे हे किरकोळ देखभालीचे काम मानता येत नाही.