'बरोबर' या चिन्हाचा अर्थ

गणिताच्या तासाला फळ्यावर क्ष = क्ष + १ असे लिहिले, तर मुले लगेच हरकत घेतील. असा क्ष असूच शकत नाही. तीच मुले संगणकाच्या तासाला बेसिक किंवा पायथन भाषेत हीच ओळ बिनतक्रार लिहितात. तेथे '=' ही आज्ञा असते: क्ष नावाच्या डब्यातली संख्या घ्या, तीत १ मिळवा व पुन्हा डब्यात ठेवा. एकाच चिन्हाचे हे दोन अर्थ मुलांना क्वचितच कोणी उलगडून सांगते.

फलनांवर आधारलेल्या भाषांमध्ये '=' गणिताच्या बरेच जवळ राहते. त्यांपैकी हास्केल ही भाषा १९९० साली प्रथम जाहीर झाली. तर्कशास्त्रज्ञ हास्केल करी यांचे नाव तिला दिले आहे. तिचा जीएचसीआय हा इंटरप्रिटर विनामूल्य मिळतो. आपण एक ओळ लिहायची, त्याने लगेच उत्तर द्यायचे, असा हा संवाद असतो. (यंत्रावर अक्षरे व अंक रोमन लिपीतले वापरावेत; येथे सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत.)

प्रथम एक फलन सांगू:

दुप्पट क्ष = २ * क्ष

आता 'दुप्पट ७' लिहिले की १४ मिळतात. 'दुप्पट ७ + १' लिहिले तर १५, १६ नव्हे. फलन आधी लागू होते, बेरीज नंतर. १६ हवे असतील तर 'दुप्पट (७ + १)' लिहावे. ऋण संख्येलाही कंस हवाच. तो विसरल्यास लांबलचक त्रुटीसंदेश येतो, त्याने घाबरून जाऊ नये.

आता क्ष = ५ लिहा. मग क्ष = क्ष + १ लिहा. यंत्र तक्रार करत नाही. पण क्षची किंमत विचारली की उत्तर येतच नाही. जुने ५ येथे उपयोगी पडत नाहीत, कारण डबाच नाही. ही क्षची नवी व्याख्या आहे. क्ष काढायला क्ष हवा, तो काढायला पुन्हा क्ष! कंट्रोल व सी या कळा एकत्र दाबून यंत्राला सोडवावे. फार वाट पाहू नये, स्मृती भरत जाते.

मग स्वतःचाच उल्लेख करणारी व्याख्या नेहमीच निरर्थक का? नाही.

क्रमगुणित ० = १; क्रमगुणित न = न * क्रमगुणित (न - १)

येथे प्रत्येक पायरीला न एकाने घटतो आणि शून्याशी थांबतो. 'क्रमगुणित २०' विचारल्यास २४३२९०२००८१७६६४०००० हे अचूक उत्तर क्षणात येते. मात्र दोन्ही भाग अर्धविराम देऊन एकाच ओळीत लिहावेत. वेगळ्या ओळींत लिहिल्यास दुसरी व्याख्या पहिलीला झाकून टाकते, शून्याचा थांबा नाहीसा होतो, आणि 'क्रमगुणित ५' सुद्धा संपत नाही. नवशिके येथे हमखास अडकतात.

'क्रमगुणित (-१)' विचारल्यावर काय होईल, हे यंत्राला विचारण्याआधी मुलांना कारणासह वहीत लिहायला सांगावे.