मुकुट दिसला म्हणून बिल्ला अस्सल ठरत नाही

"वर मुकुट आहे बघा साहेब. ब्रिटिश काळातला माल आहे, खोटा असायचा प्रश्नच नाही." फौजी टोपीवरचा पितळी बिल्ला विकायला निघाला की हे वाक्य त्याच्या मागोमाग येतंच, मग जागा मुंबईचा चोर बाजार असो, पुण्याचा जुना बाजार असो की मोबाइलवर आलेला एखादा फोटो. विकणाऱ्याने असं म्हणावं यात नवल नाही, त्याचं पोट त्यावर आहे. वैताग येतो तो घेणाऱ्यांच्या तोंडून तेच ऐकू आलं की. इतिहासाची आवड असलेली, चार पुस्तकं वाचलेली माणसंसुद्धा भरपूर पैसे मोजून आणलेला बिल्ला दाखवताना पुरावा म्हणून बोट ठेवतात ते मुकुटावर.

तर एकदा नीट सांगून टाकू. मुकुटावरून नक्षी कोणत्या काळातली ते कळतं. तो पितळेचा पत्रा कोणत्या वर्षी ठशाखाली गेला, ते कळत नाही. शिवराईवर 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरं असतात. पण तीच अक्षरं असलेल्या शिवराया पेशवाईतही पाडल्या जात होत्या. केवळ अक्षरं पाहून कोणी जाणकार प्रत्येक शिवराई रायगडावरची ठरवत नाही. बिल्ल्याची वेळ आली की मात्र हा विवेक कुठे जातो कोण जाणे!

आधी मुकुटाचा हिशेब पाहू. १९०१ मध्ये राणी व्हिक्टोरिया गेली आणि सातवा एडवर्ड गादीवर आला. त्याच्यापासून सहाव्या जॉर्जपर्यंत चार राजांच्या काळात बिल्ल्यांवर ट्यूडर मुकुट राहिला. त्याच्या कमानी घुमटासारख्या गोल असतात. संग्राहक त्याला 'किंग्ज क्राउन' म्हणतात. १९५२ मध्ये दुसरी एलिझाबेथ राणी झाली आणि तिने सेंट एडवर्ड मुकुट निवडला. त्याच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या असतात. हा 'क्वीन्स क्राउन'. इथवरची माहिती बहुतेकांना असते. 'गोल कमानी म्हणजे १९५३ च्या आधीचा' हे सूत्र निघालं ते यातूनच.

हे सूत्र आता उघडउघड मोडलं आहे. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये तिसऱ्या चार्ल्सची राजमुद्रा जाहीर झाली आणि तिच्यात पुन्हा ट्यूडर मुकुट आला. त्यानंतर ब्रिटिश सैन्याचे बिल्लेही टप्प्याटप्प्याने बदलू लागले. म्हणजे गोल कमानींचा मुकुट असलेला बिल्ला आज एखाद्या कारखान्यात, आज नोकरीत असलेल्या शिपायासाठी, अगदी कायदेशीरपणे तयार होतो. तो नकली नाही आणि जुनाही नाही. ज्या खुणेवर लोक 'शंभर वर्षांचा' असा शिक्का मारतात, ती खूण गेल्या काही वर्षांपासून नव्या कोऱ्या मालावरही आहे.

भारतापुरतं आणखी एक सांगायला हवं. १५ ऑगस्ट १९४७ ला बिल्ल्यांवरचा मुकुट उतरला नाही. २६ जानेवारी १९५० पर्यंत भारत हा वसाहतीच्या दर्जाचा स्वतंत्र देश होता आणि सहावा जॉर्ज नावापुरता का होईना, राजा होता. प्रजासत्ताक आल्यावर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. म्हणजे १९४७-४८ च्या काश्मीर युद्धाच्या काळातल्या भारतीय पलटणींच्या चिन्हांवरही मुकुट होता. घरातल्या ट्रंकेत मुकुटाचा बिल्ला सापडला की 'आजोबा इंग्रजांच्या फौजेत होते' असं जाहीर करण्याआधी एवढं लक्षात घ्यावं.

मुकुटाचा दावा कोलमडतो त्याचं खरं कारण मात्र कारखान्यात आहे. शिपायांचे बिल्ले पत्र्यावर पोलादी ठसा दाबून काढत. हा ठसा टिकाऊ असतो; पलटण बंद पडते, ठसा राहतो. १९५० च्या दशकाच्या शेवटी आणि पुढे ब्रिटनमध्ये अनेक जुन्या पलटणी एकमेकींत विलीन झाल्या, त्यांचे बिल्ले बंद झाले आणि नेमकी तेव्हाच संग्राहकांची मागणी वाढली. मग जुने ठसे पुन्हा यंत्राखाली गेले. अशा मालाला संग्राहक 'रीस्ट्राइक' म्हणतात. ठसा खरा, पण बिल्ला कुठल्याही शिपायाच्या टोपीवर कधी चढलेला नाही. 'रीस्ट्राइक' म्हणून विकला तर त्यात गैर काही नाही. पहिल्या महायुद्धातला म्हणून विकला तर ती फसवणूक.

"पण मागे कंपनीचं नाव आहे ना!" हा पुढचा युक्तिवाद. बर्मिंगहॅमची जे. आर. गॉन्ट ही बिल्ल्यांची नामांकित कंपनी, आणि म्हणूनच फसवणाऱ्याला तिच्या नावाची छाप सर्वांत उपयोगी पडते. बिल्ला टोपीत खोचण्यासाठी मागे जी उभी पट्टी असते, त्या स्लायडरवर गॉन्ट आणि बर्मिंगहॅम अशी ठळक छाप दिसली की अनुभवी संग्राहक खूश होत नाही, सावध होतो. कारण उशिरा काढलेल्या कितीतरी रीस्ट्राइकवर ती असते. उलट शिपायांच्या असंख्य अस्सल बिल्ल्यांवर कोणाचंच नाव नसतं. नाव खोदणं हा या धंद्यातला सर्वांत सोपा भाग आहे.

मग पाहायचं काय? पहिली गोष्ट म्हणजे बिल्ला उलटा करायचा. ठशाने दाबलेल्या बिल्ल्याच्या पाठीवर पुढच्या नक्षीचा उलटा, खोलगट आकार स्वच्छ उमटलेला असतो. साच्यात ओतलेल्या नकलेची पाठ बहुधा सपाट किंवा खडबडीत असते, भिंगातून वाळूच्या कणांएवढे खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात आणि नक्षीतल्या मोकळ्या जागा कानशीने घासून उघडलेल्या असतात.

दुसरी गोष्ट मोजमाप. अस्सल बिल्ल्यावरून साचा घेऊन पितळ ओतलं की थंड होताना ते साधारण दीड टक्का आकसतं. ४० मिलिमीटरचा बिल्ला असेल तर नक्कल सुमारे ०.६ मिलिमीटरने लहान भरते. नकलेवरून नक्कल काढली तर आणखी लहान. फोटोत हे कधीच दिसणार नाही, साध्या व्हर्नियर कॅलिपरने मात्र लगेच सापडतं. अर्थात शेजारी ठेवायला खात्रीचा नमुना किंवा त्याचं माप हवं. ब्रिटिश बिल्ल्यांसाठी किपलिंग आणि किंग यांचा दोन खंडांचा ग्रंथ आजही संग्राहकांचा आधार आहे. त्यातले क्रमांक देऊनच ते एकमेकांशी बोलतात. लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमच्या संग्रहातले नमुनेही पडताळून पाहता येतात.

इथे एक उलटा गैरसमजही खोडायला हवा, कारण तो अर्धवट जाणकारांचा आहे. 'ओतीव म्हणजे नकली' हा नियम ब्रिटनमध्ये बऱ्यापैकी चालतो, भारतात चालत नाही. इथे तैनात असलेल्या पलटणींना विलायतेहून माल यायला वेळ लागे, महायुद्धात तर तो येईच असं नव्हतं. मग छावणीजवळच्या बाजारातले कारागीर वाळूच्या साच्यात बिल्ले ओतून देत. ते ओबडधोबड आहेत, पण त्या काळचे आहेत आणि शिपायांनी वापरलेले आहेत. ओतीव माल हाती आला की हा बाजारातला जुना की परवाचा, हे ठरवायला झीज, मागच्या कड्यांचा डाग आणि तो कोणाच्या घरातून आला याचा माग, असं सगळं एकत्र पाहावं लागतं.

तिसरी कसोटी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कडक: पलटणीचा इतिहास. बिल्ल्यावर जे नाव आणि जो आकडा आहे, ती पलटण त्या नावाने कधी होती? मराठा पलटणींचं उदाहरण घ्या. आज आपण जिला 'जंगी पलटण' म्हणतो, ती १७६८ मध्ये मुंबईच्या शिपायांची पलटण म्हणून उभी राहिली. १९०३ च्या फेरआकड्यांत ती १०३ मराठा लाइट इन्फंट्री झाली आणि १९२२ मध्ये नव्या ५ मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. म्हणजे १०३ हा आकडा फक्त १९०३ ते १९२२ या काळातला. १०३ चा बिल्ला 'दुसऱ्या महायुद्धात वापरलेला' म्हणून कोणी देऊ लागला, तर भिंग काढायचीही गरज नाही.

महार रेजिमेंटच्या बिल्ल्याबद्दल तर वाटेल ते ऐकायला मिळतं. ही रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली. पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ आणि 'महार' हे नाव होतं. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली आणि बिल्ल्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशीनगन आल्या, स्तंभ कायम राहिला. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. कोरेगावची लढाई १ जानेवारी १८१८ ची, म्हणून स्तंभाचा बिल्ला १८१८ चा, हे गणित कुठल्या शाळेतलं? मुळात टोपीवरचे असे छोटे बिल्ले ब्रिटिश सैन्यात सर्रास झाले तेच १८९० च्या दशकात. त्याआधी उंच टोप्यांवर मोठ्या पट्ट्या असत. 'महार रेजिमेंटचा पहिल्या महायुद्धातला बिल्ला' हाही असाच दावा. त्या युद्धात १९१७ ला उभी राहिलेली १११ महार ही पलटण वेगळी आणि ती १९२१ मध्ये विसर्जित झाली.

आता उरलेले गैरसमज, थोडक्यात.

'काळपट आणि हिरवट आहे म्हणजे जुना.' रसायनांत बुडवून पितळ एका रात्रीत काळं करता येतं. वापरातला बिल्ला शिपाई रोज घासत असे, म्हणून खरी झीज उंचवट्यांवर आणि गुळगुळीत असते. सगळीकडे सारखा काळेपणा दिसला तर संशय घ्यावा.

'चुंबक चिकटलं नाही म्हणजे खरा.' चुंबक पितळेच्या नकलेलाही चिकटत नाही.

'एकाच पितळेचा आहे, मूळचा दोन धातूंचा होता, म्हणजे खोटा.' पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या सुमारास, काटकसर म्हणून दोन धातूंचे कितीतरी बिल्ले नुसत्या पितळेत काढले गेले.

'प्लास्टिकचा म्हणजे खेळण्यातला.' दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायला ब्रिटनने प्लास्टिकचे बिल्ले शिपायांना दिले, वॉल्सॉलच्या ए. स्टॅन्ले अँड सन्सची छाप असलेले नमुने संग्राहक आवर्जून शोधतात.

'वाघ आणि वर हिंदुस्थान असं लिहिलंय, म्हणजे भारतीय पलटण.' ती इंग्लंडची लेस्टरशायर रेजिमेंट. १८०४ ते १८२३ मधल्या इथल्या सेवेबद्दल तिला तो मान मिळाला.

'बिगुल आहे म्हणजे मराठा.' बिगुल ही लाइट इन्फंट्रीची जुनी खूण आहे. डरहॅम आणि सॉमरसेट लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यांवरही बिगुलच आहे.

'चांदीचा आहे म्हणजे जुनाच.' चांदीच्या बिल्ल्यावर हॉलमार्क असेल तर त्यातलं वर्षाचं अक्षर वाचा. बर्मिंगहॅमची खूण जहाजाचा नांगर आहे. पलटण बंद झाल्यानंतरचं अक्षर निघालं तर उत्तर मिळालं.

'थेट जर्मनीहून आलेला नाझी बिल्ला, म्हणजे शंकाच नको.' नाझी चिन्हांच्या नकलांचा बाजार फार मोठा आहे आणि जर्मनीत त्या चिन्हांचा सार्वजनिक वापर गुन्हा आहे. कुठून आला, यापेक्षा काय आहे ते पाहा.

'असा बिल्ला घरात ठेवणंच बेकायदा.' भारतीय न्याय संहितेचं १६८ वं कलम आक्षेप घेतं ते सैनिक नसताना लोकांनी आपल्याला सैनिक समजावं या हेतूने गणवेश घालण्याला किंवा अशी खूण मिरवण्याला. त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. कपाटातला संग्रह त्यात येत नाही. मात्र शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि ती खासगी माणसाला परस्पर परदेशी पाठवता येत नाही.

'घासून चकचकीत केला की किंमत वाढते.' उलट होतं. उरलीसुरली नक्षी जाते आणि काळाचा पुरावाही जातो.

विकत घेणाऱ्यांसाठी एकच निकष सांगतो. विकणाऱ्याची गोष्ट जितकी रंगतदार, तितका वेळ बिल्ल्याच्या पाठीकडे बघण्यात घालवा, आणि पाठ दाखवायला तो तयार नसेल तर पाकीट खिशातच राहू द्या. आणि ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांचा बिल्ला आहे, त्यांना विनंती: त्याला पॉलिश लावू नका, फ्रेममध्ये गोंदाने चिकटवू नका. शिपायांच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर सहसा नाव नसतं, त्यामुळे तो कोणाचा हे फक्त तुम्हालाच माहीत आहे. नाव, गाव, सैन्यातला नंबर, पलटण आणि साल एका कागदावर लिहून तो कागद बिल्ल्याबरोबर ठेवा. बाजारात अस्सल बिल्ले पुष्कळ मिळतील, असा कागद जोडलेले फार थोडे.