सातबाऱ्यावर आपले नाव आहे का?

बँकेत पीककर्जाच्या टेबलावर काम करताना एक प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे. समोर बसलेली विधवा भगिनी कित्येक वर्षांपासून शेत कसते. पण सातबारा पाहिला तर त्यावर वारलेल्या सासऱ्याचेच नाव! शेत खरे, कष्ट खरे, पण कागदावर तिचा पत्ताच नाही. मग कर्ज अडते आणि धरणात किंवा रस्त्यात जमीन गेली तर मोबदलाही अडतो. म्हणून सभासद व विद्यार्थ्यांसाठी हा विषय थोडक्यात मांडतो.

आपल्या समाजाला जमीन सहजासहजी मिळालेली नाही. १९५९ आणि १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. हजारोंनी तुरुंगवास पत्करला. बीडसह मराठवाड्यात अनेक कुटुंबांनी गायरानाची पडीक जमीन फोडून पिकाखाली आणली. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले.

मात्र त्यासाठी ताब्याचा पुरावा हवा. तलाठ्याकडील गाव नमुना १-ई म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. त्यातील नोंद, पीकपाहणीतील नोंद आणि दंडाची पावती हे तीन कागद येथे मोलाचे ठरतात. दंड झाला म्हणून लाज वाटून आपल्या माणसांनी पावत्या फाडून टाकल्या. वास्तविक तीच पावती त्या सालच्या ताब्याची साक्ष होती. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणांविरुद्ध कडक निकाल दिला आणि राज्य शासनानेही तसा निर्णय काढला. त्यामुळे नव्या अतिक्रमणाच्या भरवशावर कोणी राहू नये. जुना ताबा असेल त्यांनी जुने कागद जिवापाड जपावेत.

आता स्वतःच्या नावावरील जमिनीविषयी. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ (अधिकार अभिलेख) आणि १२ (पिकांची नोंद). महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे वारसाने हक्क मिळाल्यास तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे लागते. तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो, चावडीवर नोटीस लावतो, हितसंबंधितांना कळवतो आणि हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत देतो. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. ती चुकीची वाटल्यास साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. परंतु उलट सिद्ध होईपर्यंत त्यातील नोंद कायद्याने खरी मानली जाते. म्हणूनच चुकीची नोंद वेळीच दुरुस्त करून घेतली पाहिजे.

आपल्या जिल्ह्याची खरी अडचण येथेच आहे. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. तेवढ्यात नोटीस लागून मुदतही निघून जाते. चावडीवरची नोटीस उसाच्या फडात कोण वाचून दाखवणार?

लेकीबाळींचा हक्कही विसरू नये. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ बौद्धांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला आहे. भावांनी बहिणीचे नाव परस्पर वगळणे हा अन्याय होय.

आता सातबारा, आठ-अ आणि फेरफार संगणकावर पाहता येतात. विद्यार्थ्यांनी सुटीत गावी गेल्यावर आपल्या आणि शेजारच्या चार घरांचे उतारे काढून वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावेत. नाव, क्षेत्र, इतर हक्क आणि बोजा हे चार रकाने नीट तपासावेत. गाव सोडण्यापूर्वी एका जाणत्या माणसावर नोटिशींकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारी सोपवावी. शिकलेल्या मुलाने आपल्या आजोबांचा सातबारा वाचावा, यापेक्षा शिक्षणाचा जवळचा उपयोग तो कोणता?