येलचा निधी आणि उद्याचा विद्यार्थी

कायम निधीच्या मुद्दलाला हात लावायचा नाही आणि आलेले व्याज खर्चायचे, हा शिक्षणसंस्थांचा जुना शिरस्ता. तो प्रामाणिक आहे, पण अपुरा. महागाई वर्षाला ६ टक्के राहिली, तर १२ वर्षांत त्याच रकमेची खरेदीशक्ती निम्म्यावर येते. वहीत मुद्दल शाबूत दिसते, पण जी देणगी दोघांना शिकवत होती ती आता एकालाच पुरते. अमेरिकेतील येल विद्यापीठाने या प्रश्नाचे दिलेले उत्तर त्यातील नफ्यामुळे गाजले. माझ्या मते त्याचे मोल खर्चाच्या शिस्तीत आहे.

डेव्हिड स्वेन्सन १९८५ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, वॉल स्ट्रीटवरची नोकरी सोडून येलचा निधी सांभाळायला आले. तेव्हा निधी सव्वा अब्ज डॉलरच्या आसपास होता आणि बहुतेक पैसा अमेरिकी शेअर, रोखे आणि रोख रकमेत होता. स्वेन्सन यांचा युक्तिवाद साधा होता. विद्यापीठाला शतकानुशतके टिकायचे आहे, म्हणून सगळा पैसा उद्याच मोकळा होईल अशा जागी ठेवण्याची गरज नाही. त्यांनी रोख्यांचे प्रमाण घटवले आणि खाजगी कंपन्यांतील भागभांडवल, नवे उद्योग, स्थावर मालमत्ता, वनजमिनी यांत पैसा गुंतवला. शेअर स्वतः निवडण्यापेक्षा गुंतवणूक करणारी बाहेरची माणसे पारखून निवडण्यावर त्यांचा भर होता. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याआधीच्या वर्षी निधी ३१ अब्ज डॉलरच्या पुढे गेला होता. त्यात नव्या देणग्याही होत्या आणि दरवर्षीचा खर्च त्यातूनच वजा होत होता.

हा खर्च ठरवणारा नियम अर्थतज्ज्ञ जेम्स टोबिन यांच्या विचारातून आला. टोबिन हे येलचेच प्राध्यापक आणि स्वेन्सन यांचे गुरू. विश्वस्तांनी आजच्या मागण्यांपासून भविष्याचे रक्षण करायचे असते, असे ते मानत. त्यानुसार यंदाच्या खर्चाचा ८० टक्के भाग महागाई जोडलेल्या गेल्या वर्षीच्या खर्चावरून ठरतो. उरलेला २० टक्के भाग निधीच्या बाजारमूल्याला दीर्घकालीन दर लावून निघतो. हा दर सव्वापाच टक्के. बाजार एका वर्षात २५ टक्के कोसळला, तरी महागाई बाजूला ठेवल्यास पहिल्या वर्षी खर्च ५ टक्क्यांच्या आसपासच घटतो. प्राध्यापकांचे पगार आणि शिष्यवृत्त्या बाजाराच्या लहरीवर हेलकावत नाहीत, आणि तेजीच्या वर्षी हातही सैल सुटत नाही.

यावर आक्षेप आहेत आणि ते वजनदार आहेत. जून २००९ ला संपलेल्या आर्थिक वर्षात येलच्या निधीला सुमारे २५ टक्के तोटा झाला आणि बांधकामे लांबणीवर टाकावी लागली. अडकलेला पैसा गरजेला धावून येत नाही, हे त्या वर्षाने दाखवले. त्यातून सिद्ध होते ते एवढेच, की दीर्घकालीन गुंतवणुकीसोबत रोखीचे नियोजनही तेवढेच काटेकोर हवे. लहान महाविद्यालयांना ही नक्कल झेपणार नाही, हा दुसरा आक्षेप रास्तच आहे. सामान्य गुंतवणूकदारांना स्वतः स्वेन्सन यांनी स्वस्त इंडेक्स फंडांचाच सल्ला दिला होता. तिसरा आक्षेप नैतिक आहे: एवढा पैसा असताना शुल्क का घ्यावे? पण निधीचा मोठा भाग देणगीदारांनी ठरावीक कामांसाठी बांधून दिलेला असतो, शिवाय येलच्या वार्षिक उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश या निधीतूनच येतो. तरीही वाढीचा किती वाटा गरजू विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतो, हे विचारत राहिलेच पाहिजे. निधीचे समर्थन त्या उत्तरावरच अवलंबून आहे.

महाराष्ट्रातील धर्मादाय संस्थांना कायद्याने मंजूर केलेल्या मार्गांनीच पैसा गुंतवता येतो, त्यामुळे येलची गुंतवणूक इथे जशीच्या तशी चालणार नाही. खर्चाचा नियम मात्र विचारात घेण्याजोगा आहे. कायद्याची चौकट सांभाळून दरवर्षी महागाईपुरती वाढ मुद्दलात घालावी, खर्चाचे प्रमाण आधी लिहून ठेवावे आणि हिशेब देणगीदारांसमोर मांडावा. त्यासाठी अब्जावधी डॉलर लागत नाहीत. लागतो तो अजून जन्माला न आलेल्या विद्यार्थ्याचा हक्क मान्य करणारा विश्वस्त.